अमदानगर ते अहिल्यानगर : जुन्या लेखण्यांतली नावं

ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेनं आधी नगरची पेठ घेतली आणि चार दिवसांनी, १२ तारखेला, शिंद्यांच्या ताब्यातला भुईकोट किल्ला घेतला. या मोहिमेची वेलस्लीनं लिहिलेली पत्रं पुढे छापली गेली आणि ती आज कुणालाही वाचता येतात. पण आपल्या ओळखीच्या स्पेलिंगनं त्यांत नगर शोधू गेलात तर हाती काही लागणार नाही. तिथं शहराचं नाव ‘अहमदनग्गर’ अशा वळणानं लिहिलंय : एन, यू, मग दोन जी, पुन्हा यू आणि शेवटी आर. पेठेचा तिथं ‘पेट्टा’ झालाय.

आपल्या जिल्ह्याचा इतिहास लिहू पाहणारी अनेक मंडळी इथंच अडतात. कागद असतो, त्यात गावही असतं, पण आपण त्या गावाला ज्या अक्षरांनी ओळखतो ती अक्षरं त्यात नसतात. अशी जुनी स्पेलिंगं ‘साहेबाची चूक’ म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला मान्य नाही. लिहिणाऱ्यानं नाव कुणाकडून ऐकलं, कोणत्या लिपीत वाचलं आणि त्याच्या भाषेत कोणता आवाज नव्हता, एवढं सगळं त्या अक्षरांत उतरलेलं असतं. ते वाचायला शिकलं की नगर जिल्ह्याचे कितीतरी बंद दप्तरखाने उघडतात.

पहिलं कुलूप फारसी लिपीचं. मलिक अहमद निजामशहानं भिंगारजवळ, सीना नदीकाठी १४९४ मध्ये नवं शहर वसवायला घेतलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. नावाचा पहिला अर्धा भाग अरबी, दुसरा संस्कृत. दरबारी फारसीत हे पूर्ण नाव सात अक्षरांत मावतं : अलिफ, हे, मीम, दाल, नून, गाफ, रे. यात ऱ्हस्व स्वर एकही नाही, कारण फारसी-अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. वाचणाऱ्यानं ते आपल्या माहितीनं भरायचे असतात. ज्याला अरबी उच्चार ठाऊक होता त्यानं ‘म’नंतर इंग्रजी ए टाकला, कुणी ई टाकला, तर कुणाला इथल्या तोंडून ऐकताना तो आवाज इंग्रजीतल्या ‘कट’ शब्दातल्या स्वरासारखा वाटला आणि त्यानं यू टाकला. न लिहिलेल्या एकाच स्वराची ही तीन वाचनं आहेत, आणि तिन्ही छापील कागदांत सापडतात.

मराठी माणसानं यातलं एकही घेतलं नाही. मधला ‘ह’ आपल्या तोंडात टिकत नाही, त्यामुळे जुन्या मराठी कागदांत ‘अमदानगर’ दिसतं. ‘द’चा ‘दा’ कसा झाला? अमदाबादेच्या वजनावर झाला असावा, असं मला वाटतं. अमदाबादेत ‘आबाद’ असल्यामुळे ‘दा’ साहजिकच येतो आणि तीच लकब नगरलाही चिकटली. घराघरांत तर नुसतं ‘नगर’. पुण्याहून निघणारा रस्ताही नगर रोडच.

मोडी लिपीची गोष्ट वेगळी. मोडीत इकार आणि उकार यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत, शब्द सुटे लिहीत नाहीत, आणि डोक्यावरची रेघ आधी ओढून घेऊन लेखणी शक्यतो न उचलता ओळ पुरी करतात. त्यामुळे मोडीतल्या राहुरीचा किंवा शिरूरचा उकार ऱ्हस्व की दीर्घ, हे कागदावरून ठरत नाही. ते बाळबोधीत उतरवणारा ठरवतो. दोन संपादकांनी एकच मोडी पत्र छापलं आणि गावाचं नाव दोन तऱ्हांनी आलं, तर मूळ कागदात दोन नावं होती असा निष्कर्ष काढू नये.

मराठीतून बाहेर जाताना आपल्या गावांच्या नावांत एक बदल फार नियमानं झालेला आहे आणि नगर जिल्हा त्याच्या उदाहरणांनी भरलेला आहे. नेवासें, अकोलें, श्रीगोंदें, खर्डें अशी ही नावं मुळात नपुंसकलिंगी, शेवटी ‘एं’ असलेली. पुणें आणि ठाणें याच घरातली. मराठीबाहेरच्या माणसाला, विशेषतः हिंदुस्थानी बोलणाऱ्या मुनशीला, असा ‘एं’ असलेला शब्द परका वाटायचा. त्याच्या भाषेत अशा ठिकाणी ‘आ’ येतो. म्हणून पुण्याचं पूना, ठाण्याचं ठाना, अकोल्याचं अकोला आणि नेवाशाचं नेवासा झालं. इंग्रजांनी कारभार हाती घेतला तेव्हा त्यांच्या कागदांत ही ‘आ’कारी रूपं स्थिरावली आणि पुढं सरकारी मराठीतही परत आली. आज ‘नेवासा तालुका’ आणि ‘श्रीगोंदा तालुका’ असंच लिहितात. तरी बोलताना ‘नेवाशाला गेलो’, ‘श्रीगोंद्याला थांबलो’ असंच म्हणतात. पुणे आणि ठाणे यांना त्यांचा ‘ए’ इंग्रजीत परत मिळाला. आपल्या अकोल्यालाही तो बऱ्याच अंशी मिळाला, आणि त्याची गरजही होती. १८८४ च्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये नगर जिल्ह्यातल्या तालुक्याचं स्पेलिंग वऱ्हाडातल्या अकोल्यासारखंच आहे. प्रवरेच्या खोऱ्यातलं अकोलं आणि मोर्णेकाठचं अकोला ही दोन गावं इंग्रजी कागदात वेगळी काढायची तर आजूबाजूच्या मजकुरावरच भिस्त ठेवावी लागते.

नेवाशाचं नाव त्याहून मागं जातं. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, याच परिसरात सांगितली गेली, आणि त्या परंपरेत या क्षेत्राला महालय म्हणतात. महानुभावांच्या गद्यात आणि क्षेत्रमाहात्म्यांत निधिवास, निधिनिवास अशी रूपं येतात. नेवासें हे ‘निवास’चं घासून झालेलं रूप की आधीच्या देशी नावाला नंतर संस्कृत कपडे चढवले, यावर वाद घालता येईल. मला महत्त्वाचं वाटतं ते इतकंच की या गावाच्या इतिहासाचं काम करणाऱ्यानं ‘नेवासा’ या एका शब्दावर थांबून चालणार नाही. हसमुख सांकळियांनी १९५० च्या दशकात प्रवरेकाठी उत्खनन केलं आणि अश्मयुगापासूनचे थर उजेडात आणले. त्या इंग्रजी अहवालात नाव ‘व्ही’नं आहे, आणि आजच्या कितीतरी पाट्यांवर ते ‘डब्ल्यू’नं आहे. मराठी ‘व’ या दोन इंग्रजी अक्षरांच्या मधे कुठंतरी बसतो, त्यामुळे दोन्ही चालतात, पण शोध घेताना दोन्ही टाकून पाहावी लागतात.

श्रीगोंद्याच्या बाबतीत तर नावाचा पहिला भागच बदलला. जुन्या कागदांत ते चांभारगोंदे आहे. गोविंद नावाच्या एका भाविक चर्मकारावरून हे नाव पडलं अशी गावातली आख्यायिका गॅझेटिअरमध्ये नोंदलेली आहे. मालोजी भोसल्यांच्या कथेतले सावकार शेषो नाईक पुंडे चांभारगोंद्याचेच, आणि संत शेख महंमदांचं गावही तेच. ‘श्री’ लागल्यावर एक सामाजिक आठवण पुसट झाली. ज्याच्या नावानं गाव ओळखलं जात होतं, तो माणूस पाटीवरून गेला. इतिहास लिहिताना तरी ते जुनं नाव टाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता युरोपीय लेखण्यांकडे वळू, आणि त्यांतही आधी पोर्तुगिजांकडे, कारण ते इंग्रजांच्या कितीतरी आधी निजामशाहीचे शेजारी होते. चौल बंदरात त्यांची वखार आणि कोट होता, आणि १५७१ मध्ये मुर्तजा निजामशहानं त्याला वेढा घातला होता. पोर्तुगीज कागदांत निजामशाही शोधताना ‘अहमदनगर’ शब्दाचा फारसा उपयोग होत नाही. ते राज्याला शहराच्या नावानं ओळखत नसत, राजाच्या किताबानं ओळखत. निजाम-उल-मुल्क या किताबाचं त्यांनी ‘निझामलूको’ केलं. आदिलखानाचं ‘इदालकाँव’ झालं आणि कुतुब-उल-मुल्कचं ‘कोतामलूको’. अरबी किताबाला शेवटी ‘ओ’ लावला की पोर्तुगीज नाम तयार. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, त्यानं बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले, आणि १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधीविषयक संवादांत या राजाचा उल्लेख वारंवार येतो. तो ‘निजामशहा’ लिहिताना ‘शा’साठी एक्स वापरतो. इंग्रजीच्या सवयीनं वाचलं तर ते ‘निझामोक्सा’ होतं आणि हा कुणी तिसराच राजा वाटतो. पोर्तुगीजमध्ये एक्सचा उच्चार ‘श’ होतो, हे कळलं की नगरच्या दरबारातला बुऱ्हाण निजामशहा समोर उभा राहतो.

याच निजामशाहीचं एक दूरचं बेट होतं, राजधानीपासून घाट उतरून अरबी समुद्रात असलेलं. मुरूडच्या खाडीतल्या त्या खडकावर कोळ्यांचा मेढेकोट होता, तो निजामशाही सरदारांनी घेतला आणि पुढं तिथं दगडी किल्ला उभा राहिला. तो जंजिरा. अरबीत बेटाला ‘जझीरा’ म्हणतात. मराठी तोंडानं त्यात अनुस्वार घातला आणि तो जंजिरा झाला. इंग्रजांनी आमचा अनुस्वार ठेवला, पहिला स्वर मात्र बदलला : ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात तो ‘जिंजीरा’ आहे, दोन ई देऊन. त्याआधीच्या इंग्रजी वखारींच्या कागदांत बेटापेक्षा किनाऱ्यावरच्या गावांचं नाव जास्त चालतं : दंडा आणि राजपुरी ही दोन गावं एकत्र करून ‘दंडा राजापोर’. इथं एक मोठा खड्डा आहे. रत्नागिरीकडच्या राजापूरलाही इंग्रजांची वखार होती, १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली, आणि कागदांत तिचंही स्पेलिंग ‘राजापोर’. आधीचा ‘दंडा’ गळाला की जंजिऱ्याच्या सिद्दीचं ठाणं आणि इंग्रजांची वखार एकमेकांत मिसळतात. मराठी कागदांत वेगळाच घोळ होतो. तिथं ‘जंजिरा’ हा कोणत्याही जलदुर्गाच्या नावामागं लागणारा शब्द आहे, ‘किल्ले’सारखा, म्हणून ‘जंजिरे कुलाबा’ असंही लिहिलेलं आढळतं. नुसतं ‘जंजिरा’ दिसलं म्हणून मुरूडच समजू नये. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी-उंदेरी या जोडबेटांना तर इंग्रज खलाशांनी ‘हेनरी-केनरी’ करून टाकलं होतं. त्यातलं हेनरी म्हणजे कुणी इंग्रज माणूस असावा, असा समज करून घेण्याआधी उंदेरी मोठ्यानं म्हणून पाहावं.

बेटांची नावं अशी जास्त बिघडतात याला कारण आहे. तिथं जहाज थोडा वेळ थांबतं, दुभाषा नसतो, आणि पहिल्या दिवशी कानावर जे पडेल ते नकाशावर जातं. कॅप्टन कुक १७६९ मध्ये ताहितीला पोचला आणि त्यानं बेटाचं नाव ‘ओटाहाइट’ लिहिलं. त्यातला सुरुवातीचा ‘ओ’ नावाचा भाग नव्हताच. बेटावरच्या लोकांनी त्यांच्या भाषेत ‘हे ताहिती’ अशा अर्थाचं काही सांगितलं आणि इंग्रजांनी ते अख्खं वाक्य नाव म्हणून उतरवलं. त्याच्या एक वर्ष आधी येऊन गेलेल्या बूगेनव्हील या फ्रेंच दर्यावर्द्यानं मात्र ‘ताइती’ लिहिलं होतं. १७७८ मध्ये हवाईच्या वेळी कुकच्या लोकांकडून पुन्हा तेच घडलं, आणि ‘ओव्हायही’ असं रूप जगभर गेलं. अमेरिकेतल्या आयडाहो प्रांतात आजही त्या नावाची एक काउंटी आहे. १८१९ च्या सुमारास हवाईहून आलेले काही कामगार त्या मुलखात बेपत्ता झाले, त्यांच्या आठवणीला ते नाव राहिलं. बेटाचं स्पेलिंग बदललं, पण डोंगरातल्या नदीच्या आणि काउंटीच्या नावात ते जुनं रूप तसंच आहे.

हवाईचं स्पेलिंग कुणी बदललं, हे नगरकरांनी माहीत करून घेण्यासारखं आहे. १८१० मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या एका मिशनरी मंडळानं पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला पोचले, आणि १८२० मध्ये दुसरी तुकडी हवाईला उतरली. हवाईतल्या मंडळींना तिथल्या भाषेत पुस्तकं छापायची होती. १८२२ मध्ये त्यांनी पहिली पानं छापली आणि १८२६ मध्ये कोणती अक्षरं ठेवायची नि कोणती काढायची, यावर रीतसर मतं घेतली. एका अक्षराचा एकच आवाज, असा त्यांचा आग्रह होता. त्या शिस्तीत ‘ओव्हायही’ गेलं आणि आजचं स्पेलिंग आलं. याच मंडळाच्या मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला ठाणं उघडलं. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ इथूनच सुरू झालं, आणि मुलींच्या शाळांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सिंथिया फरार यांनी आयुष्याची शेवटची वर्षं इथं घालवली.

म्हणजे बॉस्टनमध्ये एकाच मंडळाच्या एकाच मासिकात हवाईची पत्रं आणि नगरची पत्रं शेजारी शेजारी छापली जात होती. पण हवाईचं नाव सुधारलं आणि नगर मात्र वेलस्लीच्या वेळचं ‘नग्गर’च राहिलं. शिरूरला दोन ओ, राहुरीलाही दोन ओ. यात आळस नव्हता. हवाईत लिपीच नव्हती, ती मिशनऱ्यांनी बसवली, त्यामुळे रोमन अक्षरंच तिथली अक्षरं ठरली. नगरात लिपी होती. मराठीत छापायचं ते बाळबोधीत आणि मोडीत छापलं जाई, आणि इंग्रजी स्पेलिंग फक्त परदेशी वाचकासाठी असे. ज्या समाजाकडे स्वतःची लिपी आहे त्याच्या नावांचं रोमन रूप वाट्टेल तसं राहिलं तरी घरात कुणाचं अडत नाही. दीडशे वर्षं नगरचं स्पेलिंग हेलकावे खात राहिलं, त्याचं मूळ मला इथं दिसतं. अमेरिकन मिशनची ही पत्रं म्हणजे नगर, पारनेर, नेवासे, राहुरी या भागातल्या खेड्यांच्या दुष्काळांची, शाळांची, जातिव्यवहारांची अगदी जवळून केलेली टिपणं आहेत. आपल्याकडच्या स्थानिक इतिहासांत त्यांचा वापर फार कमी होतो, आणि त्यात स्पेलिंगचा वाटा मोठा आहे.

इंग्रजांच्या या जुन्या वळणाचे नियम साधे आहेत. मराठी ‘अ’साठी यू, ‘ई’साठी दोन ई, ‘ऊ’साठी दोन ओ. यू ऱ्हस्वच वाचला जावा म्हणून पुढचं व्यंजन दोनदा. ‘नग्गर’मधला दुसरा जी एवढ्यासाठी आहे, तो उच्चारायचा नाही. ‘नेर’साठी ए-आय-आर : म्हणून संगमनेर ‘सुंगुमनैर’सारखं दिसतं. कलकत्त्याच्या जॉन गिलख्रिस्टनं हीच पद्धत नेमानं वापरली. इंग्रज वाचकाला न शिकवता वाचता यावं, हा तिचा गुण. विल्यम जोन्सनं त्याच काळात, १७८८ मध्ये, दुसरा मार्ग मांडला होता : अ-आसाठी ए, इ-ईसाठी आय, उ-ऊसाठी यू, आणि दीर्घ स्वरावर खूण. त्यात देवनागरीतलं अक्षर परत ओळखता येतं, पण अनोळखी इंग्रज वाचक अडखळतो.

या जुन्या वळणातली एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा इमानदार आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत कोपरगाव, शेवगाव ही गावं ‘गौम’ने, म्हणजे शेवटी एमनं संपतात. पेशवाईच्या पडझडीत रघुनाथराव १७८३ मध्ये जिथं वारले ते कोपरगाव असंच लिहिलेलं आढळतं. हा एम कुठून आला? तो अनुस्वार आहे. ‘गांव’ तेव्हा अनुस्वारासह लिहीत, आणि तो काही प्रमाणात नाकातून बोलतही असत. पुढं एमचा एन झाला आणि आजचं ‘गॉन’सारखं दिसणारं स्पेलिंग आलं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीतला न उच्चारला जाणारा अनुस्वार काढून टाकला, आपण ‘गाव’ लिहू लागलो, पण इंग्रजी पाटीवरचा एन गेला नाही. कोपरगावच्या स्टेशनवर मराठी आणि इंग्रजी नाव एकाखाली एक वाचून पाहा. मराठीतून गेलेली टिंबं इंग्रजीत अजून जपलेली आहेत.

सगळीच रूपं मात्र अशी उलगडत नाहीत. ११ मार्च १७९५ ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. इंग्रजी इतिहासांत ही लढाई दीर्घकाळ ‘कुर्डला’ची लढाई म्हणून छापली गेली. ‘ख’चा ‘क’ होणं, ‘अ’चा यू होणं नेहमीचं आहे, शेवटचा ‘ला’ मात्र कोणत्याही नियमात बसत नाही. एका लेखकानं लिहिलं आणि पुढच्यांनी उतरवून घेतलं, अशी ही नावं चालत राहतात. पानिपतच्या खालोखाल बोलल्या जाणाऱ्या या रणांगणाचं नाव परदेशी ग्रंथालयांच्या जुन्या सूच्यांत शोधायचं तर ते विचित्र रूपच टाकावं लागतं.

१८७० च्या दशकात सरकारनं विल्यम हंटरच्या देखरेखीखाली हा गोंधळ आवरायला घेतला. जोन्सच्या मार्गाची, खुणा कमी केलेली पद्धत स्वीकारली गेली, आणि रुळलेल्या मोठ्या नावांना सूट मिळाली. म्हणून पूना, बॉम्बे तशीच राहिली. नगर त्या सवलतीत बसलं नाही. जेम्स कॅम्पबेलनं १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सतरावा खंड आपल्या जिल्ह्याचा आहे, आणि त्यात ‘म’नंतर ए आहे. यू गेला, जादा जी गेला. पण १८७८ मध्ये धोंड-मनमाड रेल्वे सुरू झाली होती, आणि रोजच्या व्यवहारात ई असलेलं रूपच पक्कं झालं. तेव्हापासून एक शास्त्रशुद्ध आणि एक चालू, अशी दोन स्पेलिंगं शेजारी नांदत आली. १९४२ ते १९४५ या काळात भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, त्याच्या पहिल्या प्रकरणाच्या नावात किल्ला आहे तो ए-वाला. राज्य सरकारच्या नव्या जिल्हा गॅझेटिअरनंही ए ठेवला. शहरातल्या दुकानांवर मात्र ई.

स्पेलिंग जुळलं तरी गाव जुळेलच असं नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. गुजरातेत ईडरजवळ एक अहमदनगर होतं, ते आपल्याहून जुनं, गुजरातच्या अहमदशहानं वसवलेलं. १९१२ मध्ये त्याचं हिंमतनगर झालं. त्याआधीचा इंग्रजी कागद हाती आला आणि त्यात ईडरचा उल्लेख दिसला तर तो आपला नव्हे. हैदरअलीच्या काळातल्या कागदांत नुसतं ‘नग्गर’ आलं तर ते बहुधा कर्नाटकातलं बिदनूर, कारण हैदरनं १७६३ मध्ये ते जिंकून त्याला हैदरनगर म्हटलं होतं.

आता नवं पर्व सुरू झालंय. ३१ मे २०२३ ला चौंडीत, अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावी, जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली, १३ मार्च २०२४ ला मंत्रिमंडळानं मान्यता दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अधिसूचना निघून शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. जिथं १७२५ मध्ये अहिल्यादेवींचा जन्म झाला त्या गावाचं नाव आजही कुणी चौंडी लिहितं, कुणी चोंडी. खुद्द त्यांचं नाव संस्कृत वळणानं अहल्या, मराठी वळणानं अहिल्या. स्कॉटिश कवयित्री जोआना बेली हिची त्यांच्यावरची कविता १८४९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ‘अहल्या’ आहे आणि ‘बाई’ बी, ए आणि दोन ई अशा अक्षरांनी लिहिलेली आहे. नव्या नावालाही जुन्या रूपांचा असा गोतावळा आहेच, आणि त्याची नोंद आत्ताच केली तर पुढच्यांचे श्रम वाचतील.

त्यासाठी माझी विनंती दोन ठिकाणी आहे. पहिली ग्रंथालयं, संग्रहालयं आणि दप्तरखाने यांना. नगरमध्ये १९६० साली सुरू झालेलं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, पुण्यात पेशवे दप्तर आहे, गावोगावी वाचनालयं आहेत. सूच्या अहिल्यानगर या नावानं नव्यानं लावल्या जातील, तेव्हा प्रत्येक नोंदीत मूळ कागदावरचं रूप जसंच्या तसं राहू द्यावं आणि बाकीची रूपं त्याच्या बाजूला द्यावीत. मूळ कागदावर अमदानगर असेल तर नोंदीत अमदानगरच हवं. नवं नाव देण्याचा हक्क समाजाला आहे, पण जुन्या कागदावरचं नाव बदलण्याचा हक्क कुणालाच नाही, आणि संगणकीकरणाच्या घाईत ते एका कळीनं बदललं जाऊ शकतं.

दुसरी विनंती तुम्हाला. घरात जुनं खरेदीखत असेल, आजोबांच्या शाळेचा दाखला असेल, लष्करातली नोंद, मिशनच्या शाळेची पावती, इनामाची सनद असेल, तर त्यावर तुमच्या गावाचं नाव कसं लिहिलंय ते अक्षर न अक्षर उतरवून घ्या. मोडीत असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. शेजारी साल, कागदाचा प्रकार आणि भाषा लिहा. गावातल्या पाच-दहा घरांनी एवढं केलं तरी त्या गावाच्या नावाची एक वही तयार होते. ती वही तालुक्याच्या वाचनालयात ठेवा.